नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय : इतिहास, अभ्यासक्रम आणि आजचा प्रश्न

दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस निवासी शाळांच्या आवारात एक ओळखीचे दृश्य दिसते. दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आपली ट्रंक उचलून घरी निघतात, पालक शिक्षकांना भेटतात आणि निरोपाच्या वेळी एकच प्रश्न विचारतात : "आता पुढे कुठे?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या महाविद्यालयाचे किंवा शाखेचे नाव असते. पण ज्या घरात महाविद्यालयाची पायरी आजवर कोणी चढलेली नाही, त्या घरासाठी नुसते नाव पुरेसे नसते. मूल राहील कुठे, जेवेल काय, पुस्तके कुठून आणील, अडखळले तर सावरील कोण, असे आणखी चार प्रश्न त्याच्या मागे उभे असतात.

या चारही प्रश्नांचा एकत्रित विचार करून उभारलेले एक महाविद्यालय मराठवाड्यात आहे. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील नागसेनवनातले मिलिंद महाविद्यालय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये ते सुरू केले. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात हे नाव आदराने घेतले जाते. परंतु ते कोणत्या परिस्थितीत उभे राहिले, तेथे कोणते विषय शिकवण्याचे ठरले आणि का, याची सलग माहिती नव्या पिढीला क्वचितच मिळते. ती येथे देण्याचा हा प्रयत्न आहे. त्यामागचा हेतू केवळ गौरवाचा नाही. आपल्या मुलांसाठी महाविद्यालय निवडताना काय पाहावे, याची कसोटी या इतिहासात सापडते, असे आम्हांस वाटते.

१९५० पूर्वीचा मराठवाडा

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद असे त्याचे पाच जिल्हे. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक अशा तीन भाषांच्या प्रदेशांचे हे संस्थान; पण राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा प्रयोग केला. एका भारतीय भाषेतून आधुनिक ज्ञान देण्याचा तो प्रयत्न म्हणून महत्त्वाचा होता, हे मान्य केले पाहिजे. मात्र मराठी बोलणाऱ्या खेड्यातील मुलाच्या दृष्टीने ती आणखी एक परकी भाषा होती.

औरंगाबादेत इंटरमिजिएटपर्यंत शिकवणारे उस्मानिया महाविद्यालय होते. उर्दू भाषेचे थोर अभ्यासक मौलवी अब्दुल हक यांनी तेथे प्राचार्यपद भूषविले होते. पण पदवी घ्यायची तर सुमारे पाचशे किलोमीटर दूर असलेले हैदराबाद गाठावे लागे, नाहीतर पुणे, मुंबई किंवा नागपूर. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे, शहरात नातेवाईक आहेत, त्यालाच हे शक्य होते. १९५१ च्या जनगणनेत भारताची साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि हैदराबाद राज्य या सरासरीच्याही मागे होते. अशा प्रदेशातील पूर्वास्पृश्य समाजाची अवस्था काय असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. गावकीची कामे, वेठ आणि शेतमजुरी यांत गुंतलेल्या कुटुंबात मॅट्रिक झालेला मुलगा सापडणे हीच अपूर्वाई. पदवीधर तर दूरची गोष्ट.

या प्रदेशाशी बाबासाहेबांचा परिचय महाविद्यालयाच्या स्थापनेपूर्वीचा आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेस ते उपस्थित होते. संस्थानातील दलितांवर होणारा दुहेरी जाच, एक जातीचा आणि दुसरा राजवटीचा, त्यांना ठाऊक होता. त्यामुळे मुंबईत महाविद्यालय काढल्यानंतर दुसऱ्या महाविद्यालयासाठी त्यांनी पुणे किंवा नागपूर न निवडता औरंगाबाद निवडले, यात आश्चर्य नाही. जेथे शिक्षणाची सोय आधीपासून आहे तेथे भर घालण्यापेक्षा, जेथे ती नाही तेथे ती निर्माण करावी, असा हा निर्णय होता.

संस्था आणि महाविद्यालयाची स्थापना

८ जुलै १९४५ रोजी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. २० जून १९४६ रोजी संस्थेने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना सकाळच्या वेळी शिकता यावे, ही सिद्धार्थची मोठी देणगी. मुंबईतील गरीब विद्यार्थ्याची अडचण वेळेची होती. गिरणीत किंवा कचेरीत काम केल्याशिवाय त्याचे भागत नव्हते. मराठवाड्यातील विद्यार्थ्याची अडचण निराळी होती. त्याला शहरात पाय ठेवायला जागाच नव्हती. एकाच संस्थेने दोन ठिकाणच्या दोन अडचणी ओळखून दोन वेगळी उत्तरे शोधली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

औरंगाबादचे महाविद्यालय जून १९५० मध्ये कला व विज्ञान या शाखांसह सुरू झाले. त्या वेळी बाबासाहेब केंद्रीय मंत्रिमंडळात कायदामंत्री होते; राज्यघटना अमलात येऊन पाच महिनेही झाले नव्हते. स्वतःची इमारत तयार नसतानाच वर्ग भरू लागले. इमारतीची कोनशिला बसली ती सव्वा वर्षानंतर, १ सप्टेंबर १९५१ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. आधी विद्यार्थी, मग इमारत, असा हा क्रम होता. इमारत होईपर्यंत थांबले असते तर विद्यार्थ्यांची एक तुकडी कायमची हातची गेली असती.

कोनशिला समारंभाच्या वेळी बाबासाहेबांनी शिक्षणाविषयी जी भूमिका मांडली, ती आजही विचारात घेण्याजोगी आहे. खालच्या थरातील लोकांची उन्नती हा केवळ आर्थिक प्रश्न आहे, असे मानणे चूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अन्न, वस्त्र देऊन त्यांना पुन्हा वरच्या वर्गांच्या सेवेस ठेवणे म्हणजे उन्नती नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या मनात रुजवलेला न्यूनगंड नाहीसा करणे आणि स्वतःच्या जगण्याचा अर्थ त्यांना समजू देणे, हे खरे काम आहे. आणि ते उच्च शिक्षणाच्या प्रसारावाचून होणार नाही. म्हणजे महाविद्यालयाचे उद्दिष्ट नोकरीपुरते मर्यादित नव्हते. नोकरी हवीच, पण ताठ मानेने उभा राहणारा माणूस त्याहून अधिक हवा, अशी ही धारणा होती.

इमारतींच्या बांधकामाकडे बाबासाहेबांचे जातीने लक्ष असे. प्रकृती साथ देत नसतानाही ते औरंगाबादेस येत, मुक्काम करीत आणि कामाची पाहणी करीत. त्यांच्या अखेरच्या वर्षांतील शक्तीचा एक मोठा वाटा या परिसराने घेतला.

नाव 'मिलिंद' का?

महाविद्यालयाला 'मिलिंद' आणि परिसराला 'नागसेनवन' ही नावे सहज सुचलेली नाहीत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाचा ग्रीक वंशाचा राजा राज्य करीत होता. पाली परंपरेत तोच मिलिंद होय. सागल, म्हणजे आजचे सियालकोट, ही त्याची राजधानी. हा राजा विद्वान होता आणि वादविवादात त्याच्यासमोर कोणी टिकत नसे. शेवटी भिक्खू नागसेन त्याच्या प्रश्नांना सामोरे गेले. त्यांच्या संवादाचा ग्रंथ म्हणजे 'मिलिंदपञ्ह', म्हणजेच मिलिंदाचे प्रश्न.

या ग्रंथातील एक प्रसंग विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा. चर्चेला बसण्यापूर्वी नागसेन राजाला एक अट घालतात. पंडित जसा वाद करतात तसा वाद करणार असाल तर मी बोलेन. राजे करतात तसा करणार असाल तर बोलणार नाही. राजा विचारतो, यात फरक काय? नागसेन सांगतात की, पंडितांच्या वादात एकाचे म्हणणे खोडले जाते, चूक दाखवली जाते, तरी कोणी रागावत नाही; राजा मात्र आपले म्हणणे न मानणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. राजाने पंडितांची रीत पत्करली. प्रश्नोत्तरे झाली, आणि आपले म्हणणे टिकत नाही हे पटताच त्याने ते मोकळेपणाने मान्य केले.

येथे एक बारकावा आहे. महाविद्यालयाला जिंकणाऱ्या नागसेनांचे नाव दिलेले नाही. ते दिले आहे प्रश्न विचारणाऱ्याचे आणि उत्तर पटल्यावर स्वतःचे मत बदलणाऱ्याचे. नागसेनांचे नाव परिसराला दिले. उत्तर देणाऱ्या गुरूच्या वनात प्रश्न विचारणारा शिष्य बसला आहे, असे हे चित्र आहे. बौद्धिक प्रामाणिकपणा हा या नामकरणाचा गाभा. ज्या समाजाला शेकडो वर्षे प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्याच्या मुलांसाठी काढलेल्या महाविद्यालयाला याहून समर्पक नाव सापडणे कठीण.

धम्मदीक्षेचा सोहळा १४ ऑक्टोबर १९५६ चा. सिद्धार्थ, मिलिंद, नागसेन ही नावे त्याआधीच संस्थेच्या दारांवर आली होती. धम्माच्या दिशेने चाललेल्या वाटेची चाहूल विद्यालयांच्या नावांतून आधीच लागली होती, असे म्हणता येईल. आणि तरीही हे दार सर्वांसाठी खुले होते. विद्यार्थी घेताना वा अध्यापक नेमताना संस्थेने जातीची अट ठेवली नाही.

वसतिगृह : शिक्षणाचा दुसरा अर्धा भाग

नागसेनवनाचा विचार करताना वसतिगृह वगळले तर काहीच समजणार नाही. बाबासाहेबांच्या शैक्षणिक कार्याची सुरुवातच वसतिगृहापासून झाली होती. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. शाळा सरकारची असो वा नगरपालिकेची, तिथवर पोहोचलेल्या मुलाला रात्री निजायला आणि दिव्याखाली बसायला जागा नसेल तर ती शाळा त्याच्या उपयोगाची नाही, हे त्यामागचे साधे निरीक्षण.

जातिव्यवस्थेत हा प्रश्न पैशापेक्षा मोठा होता. गाठीशी भाड्याचे पैसे असले तरी जात विचारल्यावर खोली मिळत नसे. खाणावळीत ताट मिळत नसे. म्हणून महाविद्यालयाच्या आवारातच राहण्याची सोय करणे, हे प्रवेश देण्याइतकेच आवश्यक होते. नागसेनवनात महाविद्यालयासोबत वसतिगृहे उभी राहिली. त्यांपैकी 'अजिंठा' वसतिगृहाचे नाव आजही जुन्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात येते. शंभर किलोमीटरवरची अजिंठ्याची आणि तीस किलोमीटरवरची वेरूळची लेणी, तसेच शहरालगतच्या डोंगरातील बौद्ध लेणी, हा या प्रदेशाचा वारसा. भिक्खूंनी वर्षावासात राहण्यासाठी, अध्ययन आणि चिंतन करण्यासाठी कोरलेले विहार ही एका अर्थाने निवासी विद्येचीच जुनी परंपरा होय.

वसतिगृहात मुलगा केवळ राहत नाही. तेथे त्याला एक वर्ष पुढचा विद्यार्थी भेटतो, जो अर्ज कसा भरायचा ते दाखवतो. कोणत्या प्राध्यापकांना शंका विचारता येते ते सांगतो. जुनी पुस्तके देतो. परीक्षेच्या आधी रात्री जागवतो. सुशिक्षित घरातील मुलाला हे सारे आई-वडील, काका, मामा यांच्याकडून न मागता मिळते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते वसतिगृहात मिळते. निवासी शाळेत वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

वसतिगृहाच्या जोडीला शिष्यवृत्तीची सोय हवी होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सभासद असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न सरकारपुढे मांडला. त्यातून १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी केंद्रीय शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला सरसकट 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो, तिचे मूळ तेथे आहे. म्हणजे १९५० साली नागसेनवनात येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तीन गोष्टींची जुळणी झालेली होती : वर्गात जागा, वसतिगृहात खाट आणि हातात शिष्यवृत्ती. यांतील एक जरी निसटली असती तरी उरलेल्या दोन निरुपयोगी ठरल्या असत्या.

काय शिकवायचे ठरले?

नव्या, गरीब संस्थेला केवळ कला शाखा चालवणे सोपे असते. खडू, फळा, बाकडी आणि प्राध्यापक एवढ्यावर वर्ग चालतो. विज्ञान शाखेसाठी प्रयोगशाळा लागते, वायू आणि पाण्याची जोडणी लागते, रसायने दरवर्षी संपतात आणि उपकरणे मोडतात. हा सारा खर्च समोर दिसत असूनही मिलिंद महाविद्यालय पहिल्यापासून कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे राहिले. हा निर्णय अर्थपूर्ण आहे. वैद्यक, अभियांत्रिकी आणि शेतीशास्त्र यांची दारे विज्ञानातून उघडतात. गरिबांच्या मुलांनी कारकुनीपुरते शिकावे, ही मर्यादा संस्थेला मान्य नव्हती. शिवाय प्रयोगशाळेत एक निराळे शिक्षण मिळते. परीक्षानळीतला रंग सर्वांसाठी एकाच नियमाने बदलतो. सांगितले म्हणून न मानता, करून पाहून मानण्याची सवय तेथे लागते. तथागतांनी कालामांना केलेल्या उपदेशाशी हे किती जुळते, हे वाचकांच्या लक्षात येईल.

पुढे विस्तार होत गेला तसे कला आणि विज्ञान यांची स्वतंत्र महाविद्यालये झाली. आज नागसेनवनाच्या परिसरात मिलिंद कला महाविद्यालय, मिलिंद विज्ञान महाविद्यालय, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कला व वाणिज्य महाविद्यालय, विधी महाविद्यालय, शारीरिक शिक्षण महाविद्यालय, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि मिलिंद बहुउद्देशीय प्रशाला अशा संस्था आहेत. शाळेपासून पदवीपर्यंतचा आणि पुढे व्यवसायापर्यंतचा प्रवास एकाच परिसरात करता यावा, असा हा विस्तार आहे.

विषयांच्या बाजूने पाहिले तर तीन धारा दिसतात. पहिली धारा भाषा आणि सामाजिक शास्त्रांची : मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र इत्यादी. स्पर्धा परीक्षा, अध्यापन, पत्रकारिता आणि समाजकार्य यांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ही उपयुक्त. येथेच पालीचाही विचार करावा. पाली ही केवळ वंदनेची भाषा नव्हे. अशोकाचे शिलालेख, लेण्यांतील दानलेख आणि त्रिपिटक यांच्या अभ्यासाला तिची जाण लागते. इतिहास किंवा पुरातत्त्वाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा मोठा आधार होतो. दुसरी धारा मूलभूत विज्ञानांची : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र. तिसरी धारा व्यवसायाभिमुख : वाणिज्य, विधी, शारीरिक शिक्षण, अभियांत्रिकी. विधीचे स्थान यांत विशेष आहे. ज्या समाजाला आपले हक्क कायद्याने मिळाले, त्याला ते कायद्यानेच राखावे लागतात.

नागसेनवनाने काय दिले?

एखाद्या महाविद्यालयाचे मोजमाप केवळ निकालाच्या टक्केवारीने करता येत नाही. १९५५ मध्ये प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि ते महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर केले. दलित रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाचा उल्लेख आरंभीच्या कृतींत होतो. पुढे डॉ. म. ना. वानखडे यांच्यासारखे विचारवंत नागसेनवनात प्राचार्य म्हणून लाभले. येथेच अध्यापन केलेल्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवले आणि मराठवाड्यासह साऱ्या महाराष्ट्रातील नवख्या लेखकांना त्यात जागा दिली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कवी वामन निंबाळकर यांच्यासारखे विद्यार्थी याच परिसरात घडले. दलित साहित्याची चळवळ एकाएकी उगवली नाही. वसतिगृहाच्या खोल्यांत रात्री वाचल्या गेलेल्या कवितांची आणि ग्रंथालयातील पुस्तकांची तिला पार्श्वभूमी आहे.

विद्यापीठाचा इतिहासही येथे जोडून घ्यावा लागतो. आरंभी मिलिंद महाविद्यालय हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि सुं. रा. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू झाले. या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर झालेले हल्ले, जाळलेली घरे आणि गेलेले जीव हा आपल्या स्मृतीतील वेदनेचा भाग आहे. सोळा वर्षांच्या संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव प्रत्यक्षात आले. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन मराठवाड्याचे जिल्हे दोन विद्यापीठांत विभागले गेले. या साऱ्या लढ्यात नागसेनवनातील विद्यार्थी अग्रभागी होते. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव धारण करणाऱ्या महाविद्यालयाकडून दुसरे काय अपेक्षित असणार?

आजचा प्रश्न

आता पुन्हा आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. १९५० पूर्वी मराठवाड्यात पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय नव्हती म्हणून मुले शिकत नव्हती. आज तालुक्या-तालुक्याला महाविद्यालय आहे. प्रवेश मिळतो. तरीही खेड्यातील अनेक मुले-मुली पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षीच मागे फिरतात. कारण तपासले तर बहुधा बुद्धीची कमतरता आढळत नाही. वसतिगृहात नंबर लागलेला नसतो, शिष्यवृत्ती वेळेवर आलेली नसते, इंग्रजीतील व्याख्यान डोक्यावरून जाते आणि हे कोणाला सांगावे हे कळत नाही. वर्ग, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती या तिन्ही एकत्र असाव्यात, हे सूत्र आपण विसरलो. प्रवेश म्हणजेच शिक्षण, असा आपला समज झाला.

म्हणून पालकांनी महाविद्यालय निवडताना, मग ते नागसेनवनातील असो वा अन्य कोठलेही, पुढील गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात.

पहिली गोष्ट निवासाची. महाविद्यालयाचे वसतिगृह आहे काय? नसल्यास समाजकल्याण विभागाचे शासकीय वसतिगृह जवळ आहे काय? तेथे प्रवेश न मिळाल्यास अनुसूचित जातीच्या पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यातून निवास, भोजन आदी खर्चासाठी रक्कम मिळते. अर्जाची मुदत चुकवू नये.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांची तयारी निकालाची वाट न पाहता आधीच करावी. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरला जातो. तो भरून झाल्यावर महाविद्यालयाने पुढे पाठवला की नाही, याची खातरजमा विद्यार्थ्यानेच करावी. शाळेतील शिक्षक हे काम आपल्यासाठी करीत असत. महाविद्यालयात ते आपले आपल्यालाच करावे लागते.

तिसरी गोष्ट प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांची. विज्ञान शाखा घ्यायची असेल तर प्रात्यक्षिके खरोखर होतात काय, हे तेथील विद्यार्थ्यांना विचारावे. ग्रंथालयात बसून वाचण्याची जागा आहे काय आणि ते किती वाजेपर्यंत उघडे असते, हे पाहावे.

चौथी गोष्ट अभ्यासक्रमाची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली आहे. पहिले वर्ष पूर्ण करून थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी अशी ही मांडणी आहे. मध्येच बाहेर पडण्याची सोय म्हणजे मध्येच बाहेर पडण्याचा सल्ला नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर समाधान मानण्याची वेळ बहुधा गरीब घरातील मुलांवरच येईल. ती येऊ न देणे हे आपले काम आहे.

माजी विद्यार्थ्यांचे उत्तरदायित्व

मिलिंद महाविद्यालयाचा अभिमान बाळगणे सोपे आहे. त्यामागचा विचार चालवणे कठीण आहे. नवे महाविद्यालय काढणे प्रत्येकाला शक्य नाही. परंतु शहरात स्थिरावलेला प्रत्येक माजी विद्यार्थी एका नवख्या विद्यार्थ्यासाठी वसतिगृहातल्या त्या 'एक वर्ष पुढच्या' मुलाचे काम करू शकतो. त्याला अर्ज भरून दाखवावा. पहिल्या सत्रात दर पंधरवड्याला भेटावे. इंग्रजी परिच्छेद सोबत बसून वाचावा. शिष्यवृत्ती लांबली तर खाणावळीचे एका महिन्याचे पैसे उसने द्यावेत. जुनी पुस्तके विकण्याऐवजी शाळेकडे द्यावीत. यांत भाषणाची किंवा हारतुऱ्यांची गरज नाही. शाळेनेही आपल्या प्रत्येक उत्तीर्ण विद्यार्थ्याच्या नावासमोर तो सध्या कोठे शिकतो आणि त्याच्यासोबत कोण आहे, याची नोंद निदान तीन वर्षे ठेवावी. शाळा सोडल्याचा दाखला दिला म्हणजे जबाबदारी संपली, असे निवासी शाळेने मानू नये.

नागसेनवनात पहिला वर्ग भरला तेव्हा इमारत नव्हती. विद्यार्थी होते आणि त्यांची काळजी वाहणारी माणसे होती. आज इमारती आहेत, विद्यार्थीही आहेत. येत्या जूनमध्ये आपल्या शाळेच्या आवारातून ट्रंक उचलून निघणारा मुलगा किंवा मुलगी "आता पुढे कुठे?" असे विचारील, तेव्हा त्यांना महाविद्यालयाच्या नावासोबत एका माणसाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांकही देता यावा. एवढे झाले तरी १९५० साली सुरू झालेल्या त्या कामात आपलाही वाटा पडेल.